गणिताच्या वर्गासाठी साधन मागताना



आपल्या मंडळाकडे दरवर्षी जून-जुलै महिन्यांत मदतीचे अर्ज येतात. पूर्वी ते वह्या-पुस्तके, गणवेश आणि परीक्षा-फी यांचे असत. आता त्यांच्या जोडीला नवा प्रकार आला आहे. शाळेला प्रोजेक्टर हवा, टीव्ही हवा, संगणक हवेत, टॅब हवेत, आणि कारण म्हणून बहुधा गणिताचे नाव असते, कारण दहावीला मुले गणितात अडखळतात हे सर्वांना ठाऊक आहे. मी एकोणतीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले आणि निवृत्तीनंतर हे अर्ज वाचण्याच्या बाजूला येऊन बसलो. मागणारा आणि देणारा अशा दोन्ही खुर्च्यांवर बसल्यामुळे चार गोष्टी लक्षात आल्या. आपल्यातील तरुण शिक्षक, बी. एड. करणारे विद्यार्थी आणि शाळा समित्यांवर काम करणारे सभासद यांच्यापुढे त्या मांडाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुरुवात स्वतःच्या चुकीपासून करतो. २००५ साली मी आमच्या शाळेसाठी एका देणगीदार संस्थेला पत्र लिहिले. पत्र दोन पानी होते. पहिले दीड पान 'आजच्या विज्ञानयुगात संगणकाचे महत्त्व' या विषयावर खर्ची पडले आणि शेवटी दहा संगणकांची मागणी होती. मागणी मंजूर झाली, फोटो निघाले, पेढे वाटले. संगणक एका खोलीत मांडले गेले, खोलीला कुलूप लागले आणि किल्ली कार्यालयात राहिली. पस्तीस मिनिटांच्या तासात मुलांना रांगेने तिकडे न्यायचे, किल्ली शोधायची, यंत्रे सुरू व्हायची वाट पाहायची, यात पंधरा मिनिटे जात. त्या वर्षांत भारनियमन जबर होते. आमचा गणिताचा तास आणि विजेचा तास यांची गाठ क्वचितच पडे. दुसऱ्या वर्षी यूपीएसच्या बॅटऱ्या बसल्या आणि त्या बदलायला पैसे कोणत्या शीर्षातून काढायचे हे कोणालाच ठरवता आले नाही. त्या दहा संगणकांवर गणिताचा एकही पाठ झाला नाही. दोष देणाऱ्याचा नव्हता, मुख्याध्यापकांचाही म्हणता येणार नाही. अर्ज मी लिहिला होता आणि त्या दोन पानांत गणित कुठेच नव्हते.

हे माझ्याच शाळेत घडले असे मी बरेच दिवस समजत होतो. पुढे वाचनात आले की गुजरात शासनाने २००० साली बडोदा शहरातील महापालिकेच्या प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यांतले बरेचसे मुलांच्या वापरात येतच नव्हते. तेथे 'प्रथम' या संस्थेने २००२ ते २००४ या दोन वर्षांत त्याच पडून राहिलेल्या यंत्रांवर चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ सुरू केले. खेळ गुजरातीत होते, एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास, आणि सोबतीला प्रशिक्षण दिलेली व्यक्ती. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची मोजणी केली. गणिताच्या गुणांत प्रमाणित विचलनाच्या ०.४७ पट वाढ आढळली, आणि शिक्षणक्षेत्रात ही वाढ मोठी मानतात. उपक्रम थांबल्यावर वर्षभराने तिचा बराचसा भाग ओसरला, हेही त्याच अहवालात आहे. उलट पेरू देशात शासनाने मुलांना लॅपटॉप वाटले. २०१२ साली ३१९ शाळांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात सुमारे पंधरा महिन्यांच्या वापरानंतर गणित आणि भाषा या विषयांत काहीही फरक दिसला नाही. बडोद्यात यंत्रे तीच राहिली, काम बदलले आणि फळ मिळाले. पेरूत यंत्रे आली, पण गणिताचे नेमके काम त्यांच्यासोबत आले नाही. म्हणून अर्ज लिहायला बसण्यापूर्वी शिक्षकाने स्वतःला विचारावे, माझा कोणता पाठ खडू-फळ्यावर अडतो?

या प्रश्नाचे उत्तर सरसकट देऊ नये. २०१८ साली आलेल्या दहावीच्या गणिताच्या दोन भागांतील प्रकरणे समोर ठेवून पाहू. वर्गसमीकरण सोडवणे, अंकगणिती श्रेढीतील पदे काढणे, कंपास घेऊन भौमितिक रचना करणे, या गोष्टी हाताने, वहीत, पुन्हा पुन्हा कराव्या लागतात. तेथे पडदा लावून काही साधत नाही, उलट मुले बघे होतात. त्रिकोणमितीत उंची काढायची असेल तर कोनमापक, दोरा, एक लहानसे वजन आणि पेनाची रिकामी नळी एवढ्यावर कोन मोजण्याचे साधन तयार होते. ते घेऊन मुलांना पटांगणात झेंड्याच्या खांबाजवळ न्यावे. यासाठी अर्ज कशाला?

पण वर्तुळाचे प्रकरण घ्या. एकाच कंसात अंतर्लिखित झालेले कोन एकरूप असतात, हे प्रमेय मी फळ्यावर शेकडो वेळा शिकवले. फळ्यावर मी दोन कोन काढतो, फार तर तीन. मुलाच्या मनात प्रमेय म्हणजे त्या तीन कोनांची गोष्ट होऊन बसते. 'एकाच कंसात' या शब्दांचा अर्थ असा की बिंदू त्या कंसावर कुठेही असो, आणि हे 'कुठेही' खडूने काढता येत नाही. जिओजेब्रा नावाच्या संगणक-आज्ञावलीत वर्तुळावरचा बिंदू माउसने पकडून फिरवता येतो. बिंदू फिरतो, कोनाच्या भुजा लांब-आखूड होतात, आकृती वाकडी-तिकडी होते आणि कोनाचे माप मात्र ४० चे ४० अंशच राहते. मग बिंदू जीवेच्या पलीकडच्या कंसावर गेला की ते एकदम १४० होते. वर्गात त्या क्षणी जो गलका होतो तो मी निवृत्तीच्या आधीच्या काही वर्षांत ऐकला. 'सर, उडी कशी मारली?' या प्रश्नातून चक्रीय चौकोनाचे प्रमेय मुलांनी स्वतःच ओढून आणले.

रेषेच्या चढाचेही तसेच. y = mx + c या समीकरणातील m साठी पडद्यावर एक सरकपट्टी ठेवता येते. m वाढवला की रेषा उभी होत जाते, शून्यावर आडवी पडते, ऋण केला की दुसऱ्या बाजूला कलते. c बदलला की रेषा कल न बदलता वर-खाली सरकते. एकसामयिक समीकरणांना कधी उकल नसते, हे समांतर रेषांच्या या सरकण्यातून मुलांना पटते. फळ्यावर एवढ्या रेषा काढायला दोन तास लागतील आणि शेवटी जाळे होऊन बसेल.

येथे एक धोका सांगितला पाहिजे. मुले हुशार असतात. कोन सगळीकडे ४० अंशच दिसल्यावर एका मुलीने मला विचारले, 'दिसलं ना सर, मग सिद्धता कशाला?' प्रश्न रास्त होता. मी तिला n² + n + 41 ही राशी दिली आणि n च्या जागी ०, १, २ असे घालत जायला सांगितले. ४१, ४३, ४७, ५३, ६१... प्रत्येक वेळी मूळ संख्या. संगणकाच्या तक्त्यात ती ३९ पर्यंत गेली, चाळीसही उत्तरे मूळ संख्याच निघाली. ४० घातल्यावर १६८१ आले, म्हणजे ४१ चा वर्ग. चाळीस वेळा दिसलेले एक्केचाळिसाव्या वेळी मोडले. त्यानंतर सिद्धतेसाठी वेगळे भाषण करावे लागले नाही. तेव्हा जो शिक्षक साधन मागतो, त्याने पडद्यावरून वहीकडे परत कसे यायचे याचाही विचार केलेला असावा.

आता साधनांकडे वळू. जिओजेब्रा ही ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबर्ग विद्यापीठात शिकत असताना सुरू केलेली आज्ञावली. शाळेत शिकवण्यासाठी ती विनामूल्य मिळते, एकदा संगणकात घातली की इंटरनेटवाचून चालते, आणि जुन्या संगणकावरही चालते. शिक्षकाला ती शिकायची असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात तिचे पाठ आहेत. केंद्र शासनाचे 'दीक्षा' व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले, आणि बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेल्या क्यूआर कोडमधून त्यावरील साहित्य उघडते. केरळ राज्याने २०१८ च्या सुमारास आठवी ते बारावीच्या सुमारे ४५ हजार वर्गखोल्यांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले आणि त्यासाठी मुक्त, विनामूल्य आज्ञावल्याच वापरल्या, जिओजेब्रा त्यांतलीच. हे सांगण्याचे कारण असे की विक्रेते शाळेत येतात ते 'डिजिटल अभ्यासक्रमा'चे रंगीत माहितीपत्रक घेऊन, आणि त्याचे वार्षिक शुल्क ऐकले की समिती एक तर दबते किंवा भारावते. गणितापुरते बोलायचे तर आज्ञावलीवर एक रुपयाही न घालता सुरुवात करता येते. पैसा लागतो तो पडद्याला, एका लॅपटॉपला आणि विजेला.

पडदा केवढा हवा, हा प्रश्न मी दहावीच्या वर्गालाच घालत असे. टीव्ही ४३ इंची म्हणतात तेव्हा ते माप कर्णाचे असते. पडद्याच्या बाजूंचे गुणोत्तर १६ : ९. बाजू १६क आणि ९क धरल्या तर कर्णाचा वर्ग २५६क² + ८१क² = ३३७क², म्हणून कर्ण सुमारे १८.३६क. यावरून क सुमारे २.३४ इंच. पडदा झाला साधारण साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच. ३२ इंची आणि ४३ इंची पडद्यांत दुकानदार 'फक्त अकरा इंचांचा फरक' म्हणेल, पण समरूप आकृतींच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर बाजूंच्या गुणोत्तराच्या वर्गाइतके असते, म्हणून क्षेत्रफळ सुमारे १.८ पट होते. प्रोजेक्टरचे सहा फूट रुंद चित्र ४३ इंची पडद्याच्या साडेतीन पटींहून मोठे भरते, मात्र त्याला अंधार लागतो, आणि अंधारात मुलांना वही दिसत नाही. मुलांनी पायथागोरस लावून कागद चिकटवावेत, पडद्याच्या मापाचा तुकडा फळ्यावर लावावा, त्यावर कोनाचे माप लिहावे आणि शेवटच्या बाकावर बसून ते वाचता येते का पाहावे. अर्जात 'विद्यार्थ्यांनी मोजून पाहिले' हे वाक्य आले की वाचणारा चष्मा सावरून बसतो, हे मी अनुभवाने सांगतो.

दुसरी मोजणी अधिक अवघड आहे आणि ती टाळली जाते. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांवर 'माइंडस्पार्क' नावाच्या संगणकीय अभ्यासाचा प्रयोग २०१५ साली झाला. शाळेनंतरच्या केंद्रांत मुले येत. संगणक प्रत्येक मुलाची पातळी तपासून तेथूनच गणित देई. साडेचार महिन्यांत गणितात चांगली प्रगती झाली. पण त्या अभ्यासातील मला अस्वस्थ करणारा भाग सुरुवातीच्या चाचणीचा आहे. त्या प्रयोगातील नववीतली मुले गणितात सरासरी साडेचार इयत्ता मागे होती. अशा मुलापुढे समरूपतेचे कितीही सुंदर चलचित्र फिरवले तरी त्याला गुणोत्तरच कळत नसेल तर ते चित्र म्हणजे करमणूक. आपल्या वस्त्यांतील मुलांची परिस्थिती वेगळी असेल असे मानायला आधार नाही. म्हणून अर्जाआधी एक साधी चाचणी घ्यावी: अपूर्णांकांची बेरीज, ऋण संख्यांचा गुणाकार, शेकडेवारी, एक त्रैराशिक. निकाल वाईट आला तर तो लपवू नये. प्रोजेक्टरऐवजी संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी चार जुने संगणक आणि एक तळमळीचा पदवीधर मुलगा मागणे अधिक योग्य, असाही निष्कर्ष त्यातून निघू शकतो. गुजरातमधील ज्ञानशाळांत झालेल्या अभ्यासात शिकवण्याचा तास काढून घेऊन तेथे संगणक दिला तेव्हा मुले मागे पडली, आणि शाळेच्या वेळेबाहेर जोड म्हणून दिला तेव्हा पुढे गेली.

पैसा कुठून मागावा याबद्दल थोडक्यात. शासकीय आणि अनुदानित शाळांसाठी २०१८ पासूनच्या समग्र शिक्षा योजनेत सहावी ते बारावीच्या संगणकीय साधनांची तरतूद आहे. तेथे मुख्याध्यापकांमार्फत आणि शाळेच्या यूडायस क्रमांकासह जावे लागते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीबाबत मात्र गैरसमज फार. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ प्रत्येक कारखान्याला लागू नाही. ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा अधिक आहे, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करावे लागतात, आणि आपल्या कामाच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदा सांगतो. एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपच्या मालकाला 'तुमचा सीएसआर द्या' म्हणणे म्हणजे त्याला विनाकारण संकोचात टाकणे. त्याच्याकडे आपुलकीने मागावे, कायद्याने नव्हे. संस्थेमार्फत असा निधी घ्यायचा असेल तर १ एप्रिल २०२१ पासून संस्थेची सीएसआर-१ नोंदणी लागते. ती झालेली नसेल तर चांगला अर्जही परत येतो.

आता अर्जाचा नमुना. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४२ साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात शिक्षणाची मागणी मोघम ठेवली नव्हती. विज्ञान आणि तंत्रशास्त्राच्या अभ्यासासाठी शिष्यवृत्त्या हव्यात, असे विषयांचे नाव घेऊन मागितले होते. आपला अर्ज एका पानाचा असला तरी त्यात तेवढाच नेमकेपणा असावा. खालील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, प्रत्येकाने आपल्या वर्गाचे घालावेत.

'प्रति, मा. कार्यवाह. विषय: दहावीच्या भूमिती व आलेखांच्या पाठांसाठी एक पडदा व एक लॅपटॉप मिळणेबाबत.

महोदय, आमच्या शाळेत दहावीच्या दोन तुकड्यांत ८६ विद्यार्थी आहेत, त्यांपैकी ४१ मुली. जुलैमध्ये घेतलेल्या चाचणीत रेषेचा चढ ओळखण्याचा प्रश्न १९ जणांना आणि वर्तुळातील कोनाचा प्रश्न २३ जणांना सोडवता आला. हे दोन घटक फळ्यावरील स्थिर आकृतीने नीट समजत नाहीत, असा माझा अनुभव आहे. वर्तुळ, समरूपता, निर्देशक भूमिती आणि एकसामयिक समीकरणे या चार प्रकरणांतील एकूण १४ तास जिओजेब्रा ही विनामूल्य आज्ञावली वापरून घेण्याचे नियोजन सोबत जोडले आहे. ती मी स्वतः शिकलो असून माझ्या रजेच्या काळात विज्ञानाच्या शिक्षिका हे काम पाहतील. खोलीत दोन प्लग असून वीज दुपारी दोन ते तीन जाते, म्हणून गणिताचे तास सकाळी घेण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे. साधने त्याच वर्गात, कुलपाच्या कपाटात राहतील. किल्ली वर्गशिक्षकांकडे असेल. तीन दरपत्रके जोडली आहेत. वार्षिक दुरुस्तीचा खर्च शाळा करील, तसा ठराव सोबत आहे. आपणास संपूर्ण रक्कम शक्य नसल्यास केवळ पडदा द्यावा. लॅपटॉपसाठी माजी विद्यार्थ्यांकडून प्रयत्न चालू आहेत. फेब्रुवारीत तीच चाचणी पुन्हा घेऊन दोन्ही निकाल आपणास कळवू.'

यात 'विज्ञानयुग' नाही, 'एकविसावे शतक' नाही. मुलींचा आकडा मी मुद्दाम घातला आहे. संगणक आला की माउस मुलग्यांच्या हातात जातो आणि मुली मागे उभ्या राहून पाहतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले. बिंदू कोण फिरवणार याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने लावावी आणि त्याची नोंद ठेवावी. शेवटचे वाक्य लिहिताना शिक्षकाचा हात अडखळतो. फेब्रुवारीत निकाल सुधारलाच नाही तर? तरीही कळवावा. आमच्याकडे एका शिक्षिकेने दुसऱ्या वर्षी लिहिले होते की चढाचा प्रश्न आता ६० मुलांना येतो, वर्तुळाचा मात्र २३ चे २६ एवढेच झाले, कारण सिद्धतेला वेळ कमी पडला. मंडळाने तिची पुढची मागणी चर्चेविना मंजूर केली.

नकार आला तर पत्र फाडू नये. कारण विचारावे, लेखी मिळाले तर उत्तम. पुष्कळदा कारण साधे असते: आर्थिक वर्ष संपत आलेले, यूडायस क्रमांक चुकलेला, ठरावावर सही नाही, दरपत्रकाची मुदत संपलेली. ते पत्र फाईलला लावून ठेवावे आणि एप्रिलमध्ये नवी दरपत्रके घेऊन त्याच टेबलावर पुन्हा जावे.